कॉलरचं बटण

५ नोव्हेंबर

निळा ड्रेस पुन्हा काखेत तंग! उन्हाळ्यातच बाजूच्या शिवणी उसवून सैल केला होता. आता आत कापडच उरलेलं नाही – सोडणार काय, कपाळ? दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा मोजायच्या आणि स्वतःच्या कमरेला टेप लावायची हिंमत नाही. अशी मी शिंपीण.

जेवण निम्म्यावर आणलंय. दूध बंद, साखर बंद. मीठसुद्धा दोन वर्षं झाली, खड्यांचंच. एक गिऱ्हाईक बाई सांगून गेली होती, पाकिटातल्या मिठानं अंगात पाणी साठतं, ते सोडा म्हणजे आपोआप उतराल. त्या दिवसापासून घरात पाकीट आलेलं नाही. पी हळद नि हो गोरी! उतरले तर नाहीच. वारा खाऊन फुगते की काय कोण जाणे.

९ नोव्हेंबर

जेवताना हे म्हणाले, दुकानात डबा नेतेस की डबे? लेकही हसली. मीही हसले. मग भांडी घासताना रडू आलं. चोरून खाल्लं असतं तर निदान चव तरी लागली असती.

१४ नोव्हेंबर

आज दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. दोन्ही डाव्या! आणि कापड गिऱ्हाइकाचं, तेही पुन्हा न मिळणारं. शिकत होते तेव्हासुद्धा असं कधी झालं नव्हतं. डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं हल्ली.

मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनीच मला कातर धरायला शिकवली, दुकानही त्यांचंच. नुसतं म्हणाले, उद्यापासून तू आत बस, काज-बटणं कर, मापं नि कापणी मी बघतो. म्हणजे पुढच्या टेबलावरून उचलबांगडी. बाह्यांमुळे असेल. माझ्या आकारामुळेही असेल. विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर

आत सगळ्या जणी बाह्या वर सारून बसलेल्या, आणि मी स्वेटर घालून कुडकुडतेय.

२२ नोव्हेंबर

लेकीच्या शाळेच्या शर्टाचं गळ्याचं बटण लागेना. मास्तरांचा पहिला धडा – अंगाशी भांडायचं नाही, कापड सोडायचं. बटण उसवून कडेला सरकवून दिलं. पाच मिनिटांचं काम. पंधराव्या वर्षी वाढायचंच अंग. तिचं वाढणं निदान वयाला शोभतं.

३ डिसेंबर

लेकीच्या वर्गशिक्षिकेनं बोलावून घेतलं. मुलगी वर्गात पेंगते, विचारलेलं कळत नाही, पूर्वी अशी नव्हती. मान खाली घालून ऐकलं.

घरी येऊन बघते तर बाईसाहेब भर दुपारी पुस्तकावर गाल ठेवून झोपलेल्या, अंगावर चादर. परीक्षा तोंडावर! माझं डोकंच फिरलं. पाठीत धपाटा घातला. म्हणाली, "मी मुद्दाम नाही गं करत आई. येतेच झोप." मी म्हटलं, झोप येत नसते, आणलेली असते. रडली नाही. चादर अंगाभोवती ओढून घेतली नि पुस्तक सरळ केलं. तेच जास्त लागलं.

आळस कुणाचा घेतलाय हिनं?

१० डिसेंबर

तोच शर्ट, तोच गळा. बटण आता अगदी काठावर आलं. त्याच्यापुढे कापड नाही.

१८ डिसेंबर

मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागला आणि सुई बोटातून आरपार. मास्तरच दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीण बाई पट्टी बांधत होत्या, पण बघत होत्या माझ्या चेहऱ्याकडे. आवाज पहिल्यापासून असाच घोगरा का? थंडी वाजते? केस गळतात? वजन? वजनाचं विचारल्यावर मी नेहमीचं सांगितलं, फार खात नाही हो मी. आणि त्यांच्या हसण्याची वाट बघत बसले.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खात नसालच. मला पटतंय."

आणि मी मास्तरांदेखत ढसाढसा रडले. एवढ्या दिवसांत हे कुणालाच पटलं नव्हतं.

मग हातात पाण्याचा पेला दिला. मान वर करा, घोट घ्या, गिळा. गळ्यावर त्यांची बोटं. पुन्हा एकदा गिळा. मग आरशासमोर उभं करून दाखवलं – गळ्याशी पसरट सूज. गिळलं की वर जाते, खाली येते. इतकी वर्षं आरसा बघतेय, लक्ष सगळं कमरेवर! थायरॉईडची ग्रंथी म्हणाल्या. रक्त घेतलं.

२३ डिसेंबर

रिपोर्ट आला. ग्रंथी मंदावली आहे. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, मग पुन्हा तपासणी.

खाण्यापिण्याचं विचारलं. मीठ कुठलं? मी अभिमानानं सांगितलं, खड्यांचं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यात आयोडीन नसतं म्हणाल्या, ते नाही मिळालं तर ग्रंथी सुजते. दुधातून थोडं मिळतं, तेही बंद केलंत, म्हणजे दोन्ही वाटा बुजल्या. एवढं एकच कारण असेल असं नाही, पण आजच मीठ बदला.

येताना पाकीट आणलं. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, त्या डब्यांवरून बोललो ते चुकलंच माझं. बरं वाटलं. माझा दोष नव्हता! कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२६ डिसेंबर

लेक शर्ट घेऊन आली. गळ्याशी आवळतंय, बटण सरकव म्हणाली. सवयीनं सुईत दोरा ओवला. मग सुई खाली ठेवली, तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. मान वर कर. घोट घे. गीळ.

वर गेली. खाली आली.

दोनदा मीच सैल करून दिलं.