ओंकारची गाडी

रविवार, ४ जानेवारी

आज कवठे महांकाळ. पहिल्यांदाच गेलो. दिवाळीत घेतलेली रिमोटची बग्गी आजवर आष्ट्यातच, शाळेच्या मैदानावर चालवायचो, सकाळी लवकर, कुणी बघत नाही असं बघून. इथे सगळं उघड्यावर. पवार सुभेदारांनी स्वतःच्या पडीक रानात या रिमोटच्या गाड्यांसाठी मातीचा ट्रॅक केलाय. वळणं, उड्या मारायला उंचवटे, कडेला जुने टायर पुरलेले. मिलिटरीतून रिटायर झाल्यावर हाच नाद. सांगलीहून, साताऱ्याहून माणसं येतात. सगळी मोठी माणसं. हात बसलेली; खेळणं घेऊन आलेला नवखा मीच.

गाडी वळणावर घसरून गोल फिरते. दर वेळी. मागची चाकं माती धरतच नाहीत. कुणी हसलं नाही, पण मला हसल्यासारखंच वाटत होतं.

सुभेदार आले, गाडी उलटी करून बघितली. "पोराची गाडी हाय व्हय?"

"हो," म्हणालो.

का म्हणालो? चष्म्याच्या दुकानाचा मालक, चाळिशी उलटलेली, हातात खेळण्याचा रिमोट. एवढीच लाज होती. एका शब्दात भागेल असं वाटलं.

"नाव काय लेकाचं?"

"ओंकार."

हे नाव सुनंदानं, माझ्या बायकोनं, आमच्या होणाऱ्या मुलासाठी ठरवलेलं. दवाखान्याच्या त्या वर्षांत. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर घरात परत कुणी ते उच्चारलं नाही. तिनंही नाही, मीही नाही. आज एका परक्या माणसाला सांगून आलो.

मंगळवार, ६ जाने.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरखाली मागचे दोन्ही शॉकअप खोलले. आतलं तेल घट्ट आहे असं सुभेदारांचं म्हणणं. पातळ घातलं की चाक जमिनीला चिकटून चालेल. पातळ घातलं. चष्म्याचा चिमटा बारीक कड्यांना झकास चालतो.

घरी सुनंदानं विचारलं, तिथं कोण कोण असतं? म्हटलं, रिकामटेकडे. "मग तुम्ही शोभताच," म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी अशी मोकळी हसली. बरं वाटायला हवं होतं.

रविवार, ११ जाने.

सुभेदारांचा नियम : एका टायमाला एकच बदल. "दोन गोष्टी बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळत न्हाई, गड्या." तेल पातळ केल्यावर फरक होता, पण थोडाच. मग बॅटरी मागे सरकवली, वजन मागच्या चाकांवर यावं म्हणून. आणि गाडी वळली! शेपूट जरा हललं, पण वळली. मी चक्क ओरडलो.

सुभेदारांनी पाठीवर थाप मारली. "ओंकारला सांगा, तुजी गाडी आता लायनीत आली म्हनावं."

निघताना काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पिशवी दिली. शेंगदाण्याचे लाडू. "आवं, पोराला द्या. वाटंत तुमीच खाऊन बसू नका."

घरी कसे नेणार? कुणी दिले, कशाला दिले? टाकून द्यायचा जीव होईना. मिरजेच्या अलीकडे मोटरसायकल बाजूला घेतली, बंद रसवंतीच्या मागे उभा राहिलो आणि सगळे खाल्ले. शेवटचे दोन उतरत नव्हते. पाण्याबरोबर ढकलले. पिशवी झटकून घडी घालून खिशात.

घरी जेवलो नाही. "पोट बिघडलंय का?" हो.

बुधवार, १४ जाने.

संक्रांत. शेजारी बोरनहाण होतं. सुनंदा जाऊन आली. तिच्या केसात एक चुरमुरा अडकला होता, तो काढावा का नको... काढला नाही. चहा पिताना आपणहून म्हणाली, "आता मला तितकं नाही वाटत. खरंच. मूल गोड आहे त्यांचं."

मी उठून मागच्या स्प्रिंगा बदलायला बसलो. बदलायची काही गरज नव्हती.

रविवार, १८ जाने.

रेस ठरली, पहिल्या फेब्रुवारीला. पोरांचीही एक वेगळी फेरी ठेवायची म्हणतात. सुभेदारांनी आज मला गोठ्यामागे नेऊन दाखवलं : फळ्या ठोकून पायरी केलीय. ट्रॅकजवळच्या ज्या मचाणावरून गाड्या चालवतो त्याचा कठडा उंच, लहान पोराला पलीकडचं दिसायचं नाही. "ओंकारला हुबं ऱ्हायला. केवढा हाय ओ?"

माझा हात आपोआप छातीपाशी थांबला. म्हणजे मी त्याला वाढवलाय. मलाच माहीत नव्हतं.

तिथं बोलायचं ठरवलं. म्हणालो, "सुभेदार, एक सांगायचं होतं."

"बोला की."

"पुढची चाकं आतल्या बाजूला किती झुकवायची?"

त्यांनी मन लावून समजावलं. नुसतं समजावलं नाही, स्वतःच्या गाडीचं चाक काढून दाखवलं. मी मान डोलवत होतो. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. चाकाकडं न बघता पायरीच्या खिळ्यांकडं बघत होतो. खिळ्यांची टोकं त्यांनी ठोकून आत वळवली होती. पोराला लागू नयेत म्हणून.

रविवार, २५ जाने.

गेलो नाही. दुकानात स्टॉक लावायचाय असं फोनवर सांगितलं. सुनंदाला सांगितलं, आज ट्रॅक बंद आहे. दोघांना दोन. लाज अशी की दिवसभर धड दुकानातही बसवेना, घाटावर जाऊन कृष्णेकडं बघत बसलो.

शनिवार, ३१ जाने.

सुनंदा : "उद्या मी पण येते. नवऱ्याचा नाद काय आहे ते बघू तरी."

ऊन असतं म्हटलं. धूळ असते. बायकांची सोय नाही. सगळं सांगून झालं. तिनं डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "माझी लाज वाटते का हो तुम्हाला तिथं?"

ये म्हणालो.

आताच सगळं सांगून टाकता आलं असतं. सांगितलं नाही. ओंकारला सर्दी झालीय म्हणून सुभेदारांना सांगू आणि तिला काकूंपासून लांब बसवू, असा विचार करतोय. असला विचार करणारा माणूस मी कधीपासून झालो?

रविवार, १ फेब्रु.

लिहायला हात जात नाही. तरी.

सकाळी ट्रॅकवर पाणी मारलं होतं, ओली माती. मी टायर बदलत होतो, हातात पाना. सुभेदारांना गाठायच्या आधीच काकू सुनंदाकडं पोचल्या. "तुमीच व्हय ओंकारची आई? आनि त्यो कुठाय?"

मी चार पावलांवर. सुनंदानं माझ्याकडं बघितलं. काकूंकडं नाही, माझ्याकडं. तिचा चेहरा आधी कोरा होता. मग तिला कळलं. कळताना मी बघितलं.

"ताप आलाय त्याला," ती म्हणाली. "आईकडं ठेवलाय."

"आगं बया. लय हाय का?"

"उतरेल."

लेकराच्या कपाळाला हात लावून आलेली बाई म्हणेल तसं म्हणाली. मला तिथंच मातीत जावंसं वाटलं.

रेस झाली. गाडी अशी आजवर कधी चालली नव्हती. उडीवरून उतरताना चारी चाकं एकदम टेकत होती, वळणात रुळावरून गेल्यासारखी जात होती. महिनाभर जे जे केलं ते सगळं आज जागेवर बसलं. दुसरा आलो. माझी बोटं रिमोटवर होती, मी नव्हतो. एकदाही तिच्याकडं बघितलं नाही.

कप काकूंनी सुनंदाच्या हातात दिला. "लेकराला दावा. बरं वाटंल त्याला." तिनं घेतला. आभारसुद्धा मानले.

परत येताना मोटरसायकलवर खांद्यावर हात ठेवला नाही. मागची दांडी धरून बसली, आष्ट्यापर्यंत.

सोमवार, २ फेब्रु.

बोलत नाही. चहा, डबा, तिची शाळेतली नोकरी, सगळं वेळेवर. कप टेबलावर होता, मी कपाटात ठेवला. संध्याकाळी आलो तर परत टेबलावर.

बुधवार, ४ फेब्रु.

जेवताना बोलली.

"कितवीत आहे?"

"कोण?"

"ओंकार. कितवीत घातलाय त्याला?"

"सुनंदा, अगं..."

"सांगा ना. तिथं सगळ्यांना माहीत आहे. मलाच माहीत नाही."

"पाचवीत," म्हणालो. खरंच म्हणालो. जीभ कशी उचलली?

तिनं ताट बाजूला सारलं. रडली नाही. म्हणाली, "खोटं बोललात त्याचं एवढं नाही. बोलतात माणसं. पण ते नाव माझं होतं हो. बाकी सगळं आपण दोघांनी मिळून सोडून दिलं. नाव मी ठेवून घेतलं होतं."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात. मला वाटायचं, विसरली.

"मग तू तिथं तशी का..." विचारून बसलो.

"माहीत नाही. चारचौघांत तुमची शोभा नको म्हणून असेल. नसेलही." मग म्हणाली, "एक मिनिट बरं वाटलं मला. ताप आलाय म्हणताना. त्याचाच जास्त राग आलाय."

ताटं उचलताना म्हणाली, "जाऊन सांगून या. मी सांगणार नाही."

रविवार, ८ फेब्रु.

गेलो. बग्गी नेली नाही. सुभेदार बाजाराला गेले होते, काकू एकट्या, अंगणात तूर पाखडत होत्या. परत फिरावंसं वाटलं. पण फिरलो असतो तर पुन्हा आलो नसतो, हे पक्कं माहीत होतं.

उभ्या उभ्या सांगितलं. मूल नाही. झालं नाही. गाडी माझीच. त्यांचा सुपातला हात थांबला. वाटलं, आता शिव्या घालतील. त्या म्हणाल्या,

"मंग लाडू कुनी खाल्लं?"

"मी."

"सगळं?"

"सगळे. वाटेत."

माझ्याकडं बघत राहिल्या. त्या बघण्यात राग असता तर सोपं झालं असतं. मग म्हणाल्या, "आनि त्या बाईला तुमी तसंच हितं आनून हुबं केलं? काय बी न सांगता?"

हो म्हणालो.

"तिनं माझ्यासमोर ताप आला म्हनून सांगितलं. मी तिला काढा सांगत बसले. तुळशीचा." डोळ्याला पदर लावला. "निगा आता तुमी. ह्यास्नी मी सांगते."

फाटकापाशी वळून बघितलं. त्या सूप तसंच मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

घरी सुनंदाला म्हटलं, सांगून आलो. "बरं," म्हणाली. लाडवांचं मात्र तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं.

मंगळवार, १० फेब्रु.

सुभेदारांचा फोन नाही. मी करू धजलो नाही. एकदा नंबर काढला, ठेवून दिला. बग्गी पुसून घेतली, बेअरिंगमधली माती काढली. एका चाकाचं बेअरिंग खरखरतंय. बदलावं तर बग्गी परत रेसला लागणार असं धरून चालल्यासारखं होईल.

लाडवांचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "बंद रसवंतीच्या मागं?" एवढंच विचारलं. तोंड फिरवून आत गेली. हसली की काय ते कळलं नाही, मागे जाऊन बघायचं धाडस नव्हतं.

गुरुवार, १२ फेब्रु.

संध्याकाळी सुभेदारांचा फोन आला. माझ्यावर नाही, सुनंदावर. नंबर तिनं त्या दिवशी काकूंना दिला असणार. ती फोन घेऊन परसात गेली. मला इकडून एवढंच ऐकू येत होतं : हो... नाही, तसं नाही... हो. पेरूखाली उभी, पाठ माझ्याकडं. एकदा आवाज बदलला, म्हणजे पलीकडं आता काकू असाव्यात.

आत आली. मेथी निवडायला बसली.

"काय म्हणाले?"

"माझ्याशी बोलले ते."

"माझ्याबद्दल काही?"

जुडी सोडली, पानं खुडायला लागली. वर न बघता म्हणाली, "परवा शनिवारी मला काकूंकडं सोडाल का? तुम्ही आत यायचं नाही. फाटकापर्यंत."

सोडतो म्हणालो.