टोकाच्या घरचं उत्तर

दि. ९ फेब्रुवारी, सकाळ

चि. जावईबापू यांस,

मनापासून आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच, असं चिमी मागच्या खेपेस म्हणाली. तुमची बायको असली तरी जीभ तिने माझ्याच घरून नेली आहे.

आज जाग आली ती एका आवाजाने. आवाज आजचा नव्हता, माझ्या शाळेतला होता. आमचे मराठीचे मास्तर कविता शिकवण्याआधी बाकांवर वृत्त वाजवायला लावत. लघु अक्षराला बोट, गुरूला तळवा. अख्ख्या वर्गाचे तळवे एकदम पडले की दौतीतली शाई थरथरायची. ओळीचं शेवटचं अक्षर तर आम्ही इतकं ओढायचो, की शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दारात येऊन डोळे वटारत. तो ओढलेला शेवट ऐकत मी बराच वेळ अंथरुणात पडून राहिलो. तुम्ही म्हणाल, म्हातारा पुन्हा शाळेत गेला. गेलो होतो. आता आलो.

पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. कागद मध्येच “बाबा, ऐका ना” म्हणत नाही.

तुमच्या मोबाइल टॉवरच्या चाचणीच्या अहवालावर मी सही करणार नाही.

ही सही आली नाही तर काम हातचं जाईल आणि त्यामागोमाग तुमची खुर्चीही, हे तुम्ही काल तीन तऱ्हांनी सांगितलंत. तिन्ही वेळा कळलं. कंपनीने निवृत्तीनंतर मला तपासनीस नेमलं, तेव्हा हा प्रकल्प माझ्याच जावयाकडे येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तुम्ही आलात तेव्हा मी बाजूला होतो म्हणालो, तर तुमचे साहेब हसून म्हणाले, घरचाच माणूस आहे, उलट बरं. त्यांना ते बरं का वाटलं, हे आता उमगतं आहे.

हे पत्र चिमीही वाचणार आणि भांडण कशावरून म्हणून मलाच विचारणार. तेव्हा चार ओळी तिच्यासाठी.

चिमे, फोन जागा झाला की टॉवरला हाक मारतो. टॉवर म्हणतो, ये, घेतलं तुला. त्यावर फोनने “पोहोचलं” एवढंच म्हणायचं असतं. पण नव्याने आलेल्याला बोलायला स्वतःची जागा अजून मिळालेली नसते. म्हणून टॉवर काही जागा सामायिक ठेवतो, आणि इथे, इतक्या वेळात उत्तर द्या, असं आधीच सगळ्यांना जाहीर करतो. “पोहोचलं” ऐकू आलं की मग प्रत्येकाला आपापली जागा. नाही आलं, तर टॉवर तेच ते पुन्हा सांगतो, शेवटी नाद सोडतो, आणि फोन बिचारा पहिल्यापासून सुरुवात करतो. फोन झोपून उठला की दर वेळी हाच उंबरठा.

तुझ्या नवऱ्याने उत्तराचा हा वेळ तोकडा केला. चटकन म्हणा आणि बाजूला व्हा. वाचलेली जागा बाकीच्यांच्या व्हिडिओंना. टॉवरजवळ हे झकास चालतं. लांबच्या फोनचा आवाज मुळात बारीक. तेच “पोहोचलं” त्याला सावकाश, लांबवून म्हणावं लागतं, आणि नेमका तेवढा वेळ त्याच्याकडून काढून घेतला. टॉवरचा आवाज मात्र दणदणीत, त्यामुळे फोनवर रेंजच्या दांड्या दिसतात. माणूस दांड्या बघत बसतो आणि फोन वाजत नाही.

जावईबापू, आता तुम्ही. तुम्ही म्हणालात, शंभरातला एखादा अडकतो, त्याच्यासाठी बाकीच्यांचा वेग का कमी करायचा? आणि वर, “बाबा, शाळेतल्या कविता आणि टॉवर यांची गल्लत करू नका.” हे जरा लागलं. लागलं म्हणून सही अडवली असं समजू नका, सही आधीच अडली होती.

पण कवितेचं काढलंत म्हणून सांगतो. वृत्तात ओळीच्या शेवटचं अक्षर लघु असलं तरी गुरू धरतात. टोकाला आहे म्हणून त्याला जास्त वेळ. कुणाला कीव आली म्हणून हे केलेलं नाही, एरवी ओळच पुरी होत नाही. तुम्ही टोक कापलंत आणि उरलेल्या तुकड्याचा वेग मोजून मला दाखवलात. आकडे खरे आहेत. ओळ अपुरी आहे.

तुमचा शेवटचा टोला असा, की तुम्ही स्वतः तिथे जाऊन पाहिलंत का? गेलो होतो. काल फोनवर मी ते सांगितलं नाही. कळवू नका, असं तिथे बजावलं होतं म्हणून. माझ्या तपासणीच्या टिपणात मी नुसतं “खाणीपलीकडचं शेवटचं घर” असं लिहिलं आहे. तुमच्या नकाशावर तो टॉवर म्हणजे एक आकडा. त्या घराची पायरी तुम्ही लहानपणी किती वेळा ओलांडलीत, ते मी कशाला सांगू?

आई रुसली आहे, फोन बंद करून ठेवते, असं तुम्ही चिमीला सांगता. फोन बंद नाही. खिडकीत, ऊन लागणार नाही असा, घडी केलेल्या रुमालावर ठेवलेला असतो. विहीणबाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मी न विचारताच म्हणाल्या, “चार्ज केलेला आहे. रेंजही आहे. त्यालाच वेळ नसेल.”

मी यंत्र लावून बसलो. त्यांचा फोन उत्तर देत होता. पुन्हा देत होता. टॉवरच्या कानी काही पडत नव्हतं. मी तसं सांगितलं, तर त्यांनी फोन उचलला, रुमाल झटकला आणि पुन्हा तसाच ठेवला. मग हे काम कुणाचं, असं विचारलं, आणि मी बावळट, सांगून बसलो.

त्यांनी क्षणाचाही वेळ लावला नाही. “मग सही करून टाका. माझा फोन काय, वाजला काय नि नाही वाजला काय. त्याच्या पोटावर पाय नको. आणि त्याला यातलं काही कळवू नका.”

मी मान हलवली. त्या मानेला त्या होकार समजल्या. समजू देत. त्यांचा शब्द मी आज मोडतो आहे, आणि वाईट वाटत नाही. सही केली तर हीच मांडणी सगळ्या टॉवरांवर जाईल, आणि जिथे तिथे कुणीतरी रुमालावर फोन ठेवून आपल्या माणसाला दोष देत बसेल. मी त्यात नाही. खुर्ची राहो नाहीतर जावो, तुम्ही हुशार आहात, दुसरी मिळवाल. उत्तराला जास्त वेळ देण्याची सोय तुमच्याच मांडणीच्या तक्त्यात आहे. ती निवडा, नव्याने चाचणी घ्या, मी टोकाच्या घरी जाऊन बसेन आणि फोन वाजला की तिथल्या तिथे सही करेन. तोवर “नापास” हा शेरा, माझ्या हस्ताक्षरात, या पाकिटात सोबत आहे. एक प्रत तुमच्या साहेबांनाही.

इथवर लिहिलं आणि फाटक वाजलं. खिडकीतून बघतो तर विहीणबाई. खांद्याला पिशवी, पायांवर धूळ. तुमच्या लग्नानंतर या घरी पहिल्यांदाच येताहेत, तेही न कळवता. कळवणार तरी कशा म्हणा. नुसत्या हललेल्या मानेवर विसंबल्या नाहीत, सही करवून घ्यायलाच आल्या असणार हे उघड आहे, आणि त्या बोलायला लागल्या की समोरच्याचं काय होतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. दारावर थाप पडते आहे. तेव्हा पाकीट आधी चिकटवतो, मग दार उघडतो.

तुमचा, आणि तरीही सही न देणारा,

सासरा