सेबूच्या भाषेत आंघोळ

९ ऑक्टोबर, गुरुवार
आठवड्यातून दोनच आंघोळी! मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे दिवस ओल्या टॉवेलने पुसून काढतात, कपाट पुसावं तसं. अडुसष्ट वर्षांत तापाचे दिवस सोडले तर पारोशी राहिले नव्हते. आता पारोशानेच चहा ढोसतेय!

इथे जपानात मुलाकडे असताना स्टेशनच्या जिन्यावर पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. आता चालायला शिकवणाऱ्या या दुसऱ्या हॉस्पिटलात. फिजिओवाले मोरी-सान फोनमधून भाषांतर करून म्हणाले — टबच्या काठावरून पाय स्वतः पलीकडे टाका, एकटीने आंघोळ करून दाखवा, की घरी. नाही जमलं तर घरी कुणीतरी घालायला हवं.
सुशील लगेच, "राधिका आहे की, आई!"
राधिका खिडकीबाहेर बघत होती. मीही. सुनेपुढे उघडी होऊ? मेले तरी नाही. आमचं बोलणंच मुळी 'भाजीत मीठ पुरे ना' एवढ्यापुरतं.

१० ऑक्टोबर
आज आंघोळ घालायला नवीन मुलगी. जोव्हलिन. फिलिपीन्सची, सेबू बेटावरची. तुटकं का होईना, इंग्रजी बोलते — देवा, उपकार तुझे! मी लाजेने डोळे गच्च मिटून घेतलेले. तिने अंगावर मोठा टॉवेल टाकला आणि त्याच्या खालून साबण लावला. कुठे म्हणून उघडं पडू दिलं नाही.

म्हटलं, आमच्याकडे रोज सकाळी आंघोळ, त्याशिवाय तोंडात पाणी नाही. ती ओरडलीच — "सेम, नानाय, सेम! इथे सगळे रात्रीच करतात!" नानाय म्हणजे आई. तीन वर्षं झाली तिला इथे येऊन, वॉर्डात तिच्या भाषेचं एक माणूस नाही. भाषेचं नाव सेबुआनो. त्यात आंघोळ म्हणजे लिगो.

१३ ऑक्टोबर
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली. कान अजून शाबूत आहेत.
मालिगो को — मी आंघोळ करणार. नालिगो को — मी आंघोळ केली. पहिलं अक्षर बदललं की काम झालं! सकाळी ती दारातूनच विचारते, "नालिगो ना का, नानाय?" झाली का आंघोळ? मी ओरडते, "वाला पा!" अजून नाही! दोघी हसतो. समोरच्या पलंगावरच्या जपानी आजीही हसतात. कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

हे गेल्यापासून 'आंघोळ झाली का' असं मला कुणी विचारलं नव्हतं. सहा वर्षं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
पाय काठावर अडकला. जोव्हलिनने धरलं म्हणून वाचले. खूप रडले. मोरी-सान वहीत काहीतरी लिहीत राहिले.

१८ ऑक्टोबर
जोव्हलिन म्हणते 'मालिगो' रोज शंभरदा म्हणा, पाय ऐकतो. काहीतरीच! म्हटलं शंभरदा.

२० ऑक्टोबर, सोमवार
नरकचतुर्दशी — आणि नेमका सोमवार! काल जोव्हलिनला बोलता बोलता म्हटलं होतं, उद्या उजाडायच्या आत आंघोळ न करणारा नरकात जातो म्हणतात. गंमत म्हणून हो! ती हसली नाही.

आज ड्यूटी आठची, तर ही पहाटे पाचला हजर! हेडनर्सची परवानगी कालच काढून ठेवलेली. उटण्याची पुडी आणि तेलाची बाटली माझ्या पिशवीत निघाली. राधिकेने शनिवारी ठेवली असणार, बोलली नाही. जोव्हलिनने तेल चोळलं, उटणं लावलं, वास घेऊन म्हणाली, "झाडासारखा वास येतो." कढत पाणी खांद्यावरून ओतलं. माझ्या आईने ओतावं तसं, हळू, डोळ्यांत जाऊ न देता.
ना नात्याची ना गोत्याची. कुठली ही पोर! सालामात म्हटलं, म्हणजे धन्यवाद. फार तोकडा शब्द वाटला. मग वॉर्डात येऊन मोठ्याने जाहीर केलं — नालिगो को! जपानी आजींनी टाळ्या वाजवल्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
जमलं!! कठडा धरला, एक पाय पलीकडे, टेकला, मग दुसरा. तोंडाने मालिगो मालिगो, मोरी-सानना वाटलं असेल म्हातारी मंत्र म्हणतेय. पाठ सोडून सगळं अंग माझं मी धुतलं. जोव्हलिन पडद्याबाहेर उभी. आत आली नाही. मला तसंच हवं होतं, हे तिला न सांगता कळलं.

५ नोव्हेंबर
घरी. निघताना तिच्यासाठी एक वाक्य जुळवून ठेवलं होतं — नालिगो को तुंगोद निमो. तुझ्यामुळे माझी आंघोळ झाली. ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. मीही. सुशील टॅक्सी थांबवून घड्याळ बघत होता. बघू दे.

८ नोव्हेंबर
रोज सात वाजता आंघोळ. एकटीने. दार आतून बंद! काचेतून राधिकेची सावली दिसते, मी बाहेर येईपर्यंत तिथेच असते. दोनदा सांगितलं, पडणार नाही मी. "हो आई," म्हणते आणि उभीच.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी फोनवर जोव्हलिनला ऐटीत पाठवलं — नालिगो को! तिचं उत्तर — किन्साय नागपालिगो निमो? कुणी न्हाऊ घातलं? चिडवतेय मेली. नऊ वर्षांच्या नातीला, ईश्वरीला, अर्थ सांगत बसले होते. राधिका ओट्याशी पोळ्या करत होती. तेवढ्यात मनात आलं म्हणून विचारलं, "राधिका, ईश्वरी झाली तेव्हा तुला न्हाऊ कुणी घातलं गं?"
"कुणी नाही, आई. माझी मीच."
तिला आई नाही. मी होते. पुण्यात होते, मला न विचारता जपानला गेलात म्हणून रुसून, गुडघ्याचं निमित्त सांगून.
म्हटलं, "उद्या रविवार. सकाळी तेल कोमट करते. मी स्टुलावर बसेन, तू माझ्यापुढे बस."
तव्यावरची पोळी करपली.