नळीतला चर

प्रिय भिंगरी,

रसायन विभागातले सगळे कंडेन्सर, सरळ नळीचे आणि मळसूत्री, मी केले. जिन्याखालच्या कपाटात उभा आहे तो पुरुषभर उंचीचा ऊर्ध्वपातनाचा स्तंभ मी केला, तीन तुकड्यांत. सांधे कुठे आहेत ते अजून कुणाला सापडलेलं नाही, आणि खालच्या पाटीवर नाव आहे ते त्याचं उद्घाटन करणाऱ्या गृहस्थांचं. जीवशास्त्रवाल्यांना मुंग्यांसाठी दुमजली घर करून दिलं, त्यातल्या बोगद्यांसकट. भौतिकशास्त्रवाल्यांच्या पंपांसाठी निर्वात सापळे केले, एकही गळका नाही. तू लहान असताना तुझ्या बाहुलीसाठी चहाचे कप केले. त्यांचे कान इतके बारीक की तुझी आई म्हणाली होती, हे धुवायचे कुणी, मुंगीनं? आणि श्वास तपासायच्या यंत्रातली ती वाकडी नळी मी केली, जिच्या पेटंटवर दोन नावं आहेत, एक तुझ्या सरांचं आणि एक तुझं.

रविवारी तू गेल्यापासून घरात शांतता आहे. तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलते. 'दूध आणा', 'दार लावा'. तिच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय, पण ती ते मला सांगत नाही, शेजारणीला सांगते, मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं. कार्यशाळेत माझ्या टेबलाशेजारी आता प्लॅस्टिकचे भाग छापणारं यंत्र आणून ठेवलंय. दिवसभर किरकिरत असतं. फिटर म्हणतो, 'वस्ताद, हे तुमच्या पोटावर पाय देणार.' मी म्हटलं, याला आधी ज्योतीजवळ आणून दाखव, मग बोलू. तो हसला, पण यंत्रापासून माझं टेबल हातभर सरकवून गेला. जागा यंत्राला लागणार होती म्हणे.

तुला माहीतच आहे, मला कुणी शिकवलं नाही. दुकानांच्या दिव्यांच्या पाट्या करणाऱ्याकडे मी झाडलोट करायचो. तो रंगीत उजेडाची अक्षरं वाकवायचा आणि कुणी बघतंय असं वाटलं की पाठ फिरवायचा. मग मी त्यानं फेकलेले तुकडे बघायला लागलो. चांगली काच बघून काही कळत नाही. ती फक्त चांगली दिसते. बिघडलेल्या काचेत मात्र कुठे घाई केली, कुठे ज्योत कमी पडली, कुठे श्वास जास्त गेला, सगळं लिहिलेलं असतं. मी कचऱ्याच्या डब्यातून शिकलो, आणि याची मला लाज नाही, उलट मिजास आहे. विद्यापीठात मुलाखतीला गेलो तेव्हा प्रमाणपत्र मागितलं. मी म्हटलं, बर्नर द्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबलावर तीन तोंडांचा चंबू होता.

तुझे सर आले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणतो. स्वतःचं स्टूल उचलून माझ्या टेबलाशी येऊन बसणारा तो एकच प्राध्यापक. श्वासाच्या यंत्राची अडचण त्यांनी नीट समजावून सांगितली होती. रोगी नळीत फुंकतो, श्वासात वाफ असते, वाफेचं पाणी होतं, पाण्याचा थेंब पुढे जाऊन त्या नाजूक तपासणीच्या चकतीवर बसतो आणि यंत्र खोटं बोलायला लागतं. त्यांना वाटायचं, नळी वाकवली की थेंब वाकणात अडकेल. त्यांनी सांगितलेली वाकणं मी करून दिली. उथळ, खोल, दुहेरी. पाणी साचायचं, साचलं की श्वास त्यात बुडबुडायचा आणि थेंब आणखी जोरात पुढे उडायचे. सर डोकं धरून बसायचे आणि तू त्यांच्यामागे वही घेऊन उभी. त्यांच्या हाताखाली नुकतीच लागली होतीस. सगळ्यांसमोर मला 'बाबा' म्हणायचं की नाही ते तुझं ठरत नव्हतं, म्हणून काहीच म्हणायची नाहीस.

मग ती बिघडलेली नळी. वाकताना तिचा आतला भाग बसला, म्हणून मी तापलेली टंगस्टनची सळई आत घालून तो उचलायला गेलो. सळई काचेला चिकटली आणि ओढताना आतून लांबलचक ओरखडा पाडून बाहेर आली. कुठल्याही काचकाम करणाऱ्याला अशी नळी दाखवायची लाज वाटेल. टाकून देण्याआधी आतला मार्ग मोकळा आहे का ते बघायला मी तिच्यात फुंकलो. सवय आहे. काच गार झालेली होती, आत धुकं धरलं, आणि त्या धुक्याचं पाणी वाकणात साचायचं सोडून त्या ओरखड्यात शिरलं आणि एका ओळीत चालायला लागलं. चढावरसुद्धा. मी पुन्हा फुंकलो. पुन्हा तेच. डब्यावर धरलेला हात मी मागे घेतला, आणि भिंगरी, आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम वाईट काम केलं. आतून सरळ, सलग चर पाडलेल्या चार नळ्या केल्या, चराच्या शेवटी बाजूला एक फुगा काढला, पाणी जाऊन बसायला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

सर आधी म्हणाले, 'यांना ओरखडे पडलेत की.' मी म्हटलं, फुंका. त्यांनी फुंकलं, आणि मग पुन्हा एकदा फुंकलं. तू तिथेच होतीस. त्यांच्या हातातून नळी घेऊन खिडकीकडे धरलीस आणि सगळ्या प्रयोगशाळेसमोर ओरडलीस, 'बाबा, हे कसं सुचलं तुम्हाला?' हेच शब्द. मला ते जसेच्या तसे आठवतात, कारण त्या खोलीत तू मला पहिल्यांदा बाबा म्हणालीस.

पुढचं तुझं श्रेय मी कधी नाकारलेलं नाही. मी चर फार खोल पाडत होतो. मला वाटायचं, खोल म्हणजे जास्त पाणी. तू दोन वर्षं मोजमापं घेतलीस आणि दाखवून दिलंस की उथळ आणि अरुंद हवा, केसाच्या जाडीहून थोडाच मोठा. पाणी चढावर का चालतं ते मला आजही नीट कळत नाही. तू कागदावर काढून समजावलंस तेव्हा मी मान हलवली, ती तुझ्या उत्साहासाठी. तुझं नाव त्या पेटंटवर असायलाच हवं. ते खोडा असं मी स्वप्नातही म्हटलेलं नाही.

आता त्या आराखड्याचं. कार्यशाळेचा नियम तुला माहीत आहे, आणि तो कसा पाळला जातो तेही. आराखड्याच्या क्रमांकाशिवाय एकही काच बाहेर जात नाही. म्हणून मनानं केलेली वस्तू बाहेर गेली की तिचा आराखडा मागाहून काढायचा आणि तारीख मागची घालायची. सगळे करतात. फिटर करतो, सुतार करतो, भांडार-अधिकाऱ्याला माहीत असतं आणि तो नाकावरचा चष्मा काढून पुसत बसतो. मला चित्र काढता येत नाही, माझ्या रेघा लटपटतात. म्हणून त्या चार नळ्यांचा आराखडा तू काढलास. आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नळी समोर ठेवून, तिची मापं घेत. आई ओरडत होती, काच उचला, ताटं मांडायचीत. खाली तू सही केलीस, 'रेखांकन' या शब्दापुढे. माझी सही 'काम केले' या शब्दापुढे. तारीख आठवडाभर आधीची. नियम पाळला गेला म्हणून आपण दोघं खूश.

पेटंटचा अर्ज गेला ते मला तुझ्या आईकडून कळलं. मला वाटलं, नाव असेल, विचारायचं काय. त्या यंत्राच्या बक्षीस समारंभाला तू आम्हाला बोलावलंस, मी तो निळा कोट शिवून घेतला. पडद्यावर नळीचं चित्र आलं, भिंतीएवढं, आणि खाली दोन नावं. मला वाटलं, तिसरं पुढच्या पडद्यावर येईल. सर बोलले. म्हणाले, 'आमच्या वस्तादांच्या हातात जादू आहे.' मग तू बोललीस. 'माझ्या बाबांच्या हातांशिवाय हे शक्य नव्हतं.' लोकांनी टाळ्या वाजवल्या, शेजारच्या बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. मी ते कोटाच्या खिशात घातले. बावीस वर्षं मी त्या इमारतीत हेच ऐकतोय. हात, हात, हात. माकडालाही हात असतात, भिंगरी. 'हे कसं सुचलं तुम्हाला' असं विचारणारी तू, आणि माईकसमोर उभी राहिल्यावर तुला माझे हातच आठवावेत?

तरी मी गप्प होतो. घरी येऊन कोट कपाटात लावला आणि विषय मिटला असं समजलो. पण एक कंपनी ते पेटंट विकत घ्यायला आली आणि तिच्या वकीलबाई कार्यशाळा बघायला आल्या. हुशार बाई. काच न शिवता बघतात, हात मागे बांधून. मी त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी विचारलं, पहिली नळी तुम्ही केली? मी म्हटलं, हो. आराखड्यावरून? मी म्हटलं, छे, आराखडा मागाहून झाला. चर कुणाच्या डोक्यातून आला? मी म्हटलं, आता माझ्याच की, दुसरं कुणाचं डोकं होतं तिथे? बाईंचा चेहरा बदलला. मग त्यांनीच मला समजावलं, मोठ्या अदबीनं, की पेटंट वस्तू करणाऱ्याच्या हाताला मिळत नाही, ज्याला सुचलं त्याला मिळतं. आणि ज्याला सुचलं त्याचं नाव राहिलं असेल तर उद्या कुणीही ते पेटंट कोर्टात जाऊन रद्द करून घेऊ शकतं. म्हणजे नुसतं माझं नाव राहिलं एवढंच नव्हतं, माझ्या नावाशिवाय ते पेटंटच लंगडं होतं. त्या दिवशी जाताना फिटरला मी स्वतःच्या खर्चानं कॉफी पाजली. तो म्हणाला, 'वस्ताद, लग्न ठरलं की काय कुणाचं?'

आणि रविवारी तू आलीस. आधी कळवलं नव्हतंस. आईला मिठी मारलीस, माझ्या पाया पडलीस, आणि जेवण होईपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मग तिच्यातून एक कागद काढून म्हणालीस, माझं नाव घालायचं तर सगळं पुन्हा उघडावं लागेल, सरांना लिहून द्यावं लागेल की अर्जातलं त्यांचं निवेदन चुकीचं होतं, विद्यापीठ हात वर करेल, कंपनी तोवर थांबणार नाही, आणि त्या कंपनीतली तुझी जागा या व्यवहाराला बांधलेली आहे. 'बाबा, तुम्हाला काय फरक पडतो? माझं तर सगळंच जाईल.' आई दाराशी उभी राहून म्हणाली, 'सही करून मोकळे व्हा ना. लेक कुणाची आहे?' मी तुझ्याकडे बघत होतो. मी काय विचारणार ते तुला माहीत होतं, म्हणून तू खाली बघत होतीस. विचारायचं एवढंच होतं: स्वयंपाकघरातल्या त्या टेबलावर आधी काय होतं, नळी की आराखडा? हे तू, मी आणि ताटं घेऊन खोळंबलेली तुझी आई एवढ्यांनाच माहीत आहे. आई माझ्या बाजूनं बोलणार नाही. उरलीस तू.

निघताना म्हणालीस, फोनवर नको, उत्तर लेखी द्या, वकीलबाईंना लेखी लागतं. हे ते लेखी उत्तर. याची दुसरी प्रत मी काढलेली नाही आणि बाईंना परस्पर काही पाठवलेलं नाही. तुझ्याकडेच पाठवतोय. पुढे द्यायचं की नाही ते तुझं तू ठरव. तिसरं नाव घालण्याच्या कागदावर मी कधीही सही करीन आणि त्याबद्दल एक पैसाही घेणार नाही, असंही लिहून देतो. तू आणलेल्या कागदावर मात्र सही करणार नाही. त्यात लिहिलंय की, दिलेल्या आराखड्याबरहुकूम मी नळी वाकवली, चराची कल्पना माझी नव्हती, ती मला सांगण्यात आली, आणि माझं काम केवळ हातांचं होतं. एवढं कबूल केल्याबद्दल कंपनी मला मानधन म्हणून, एकरकमी, सही होताच देणार होती, अठरा लाख.

तुझाच,
बाबा