धुरांड्यातलं फडकं

शुक्रवार, १३ जानेवारी १९६७. दुबई खाडी, लाँचवर.

केबिनमधल्या डिझेलच्या शेगडीची ज्योत दोन दिवस लाल होती, काजळी धरत होती. मी डिझेल गाळलं, बर्नर घासला, तरी लालच. लाँचचं इंजिन सांभाळणारा मी, मला एवढी शेगडी कळू नये?

दुपारी जेवायला हाक मारली तर केबिनमध्ये निजलेले कासमचाचा उठेनात. आमचे तांडेल, लाँचचे प्रमुख, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना ओढत डेकवर आणलं. वाऱ्यावर बऱ्याच वेळानं डोळे उघडले.

मग केबिनच्या टपावर चढलो. शेगडीच्या धुरांड्यात फडकं अडकलेलं, विषारी धूर केबिनमध्येच कोंडत होता. बुधवारी वाळूचं वादळ आलं तेव्हा मीच ते कोंबलं होतं. नंतर ओढलं तेव्हा फाटून अर्धं आत राहिलं, आणि मी वाकून पाहिलंसुद्धा नाही. ते काढल्यावर ज्योत निळी झाली.

चाचांना सांगणारच होतो. पण मगरीबच्या नमाजानंतर त्यांनी कागद पुढे केला. त्यांची घरची पत्रं मीच लिहितो.

"लिही, युसुफनं आज माझा जीव वाचवला."

"चाचा, तसं नाही ते."

"तू लिही रे."

लिहिलं. खाली त्यांनी अंगठा उठवला आणि पाकीट मी चिकटवलं.