मंगळवारचा काळापांढरा खेळ

कोल्हापूर,
८ जानेवारी

ती. सौ. आक्कास,

धाकट्या अंजनाचा जय जिनेंद्र. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींनी साखर तपासून घेतली का, की अजून देवाच्याच भरवशावर आहेत? इकडे सगळे ठीक. भाग्यश्रीला सातवा लागला. पोरगी अंगाने भरली आहे, पण फोडणीचा वास आला की पळत सुटते.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनच करणार होते. पण तुला ऐकू कमी येतं म्हणून तुझी सून फोन स्पीकरवर टाकते, आणि मग माझं बोलणं तुझ्या आधी तुमच्या गोठ्यातल्या म्हशींना कळतं. काही गोष्टी बहिणीबहिणींतच बऱ्या.

एक काम होतं. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी भाग्यश्रीचं डोहाळजेवण धरलं आहे. येताना जयसिंगपूरहून चांगली हिरवी साडी घेऊन ये. तू म्हणशील, कोल्हापुरात काय साड्यांचा दुष्काळ पडला? नाही गं. साडी आणली आहे, ह्यांनीच आणली. मी चारदा बजावून पाठवलं होतं, ओटी भरायची आहे, हिरवीच हवी. सेलच्या गर्दीतून एकटे जाऊन आणली, आणि घडी उघडली तर आत विटकरी!

म्हटलं बघू, आपणहून काय सांगतात. तर हे चहा पीत शांतपणे विचारतात, "कशी हाय हिरवी? आवडली न्हवं?" आक्का, डोळ्याची पापणी हलली नाही बघ त्यांची. मी "हो" म्हणून साडी कपाटात टाकली. माणूस एक साडी आणायला जातो तेव्हा चूक होत नाही. दोन घेतल्या आणि पुडक्यांची अदलाबदल झाली तरच असं होतं. मग हिरवी कुठे गेली?

माझ्या मनात तसलं काही नाही. फक्त सांगितलं. साडीचं तेवढं बघ.

तुझी,
अंजना


कोल्हापूर,
१५ जानेवारी

ती. आक्कास,

जय जिनेंद्र, आणि तिळगुळाच्या दिवशी तुझं पत्र हातात पडलं म्हणून तोंड गोड झालं म्हणते. नाहीतर यंदा गोड व्हायला काही नव्हतं. मार्केट यार्डात ढेप फोडली की नुसत्या रंगावरून गुळाची प्रत सांगणारा माणूस तुझा मेव्हणा. पंचवीस-तीस वर्षं अडत्यांनी त्याच्या शब्दावर सौदे केले. त्याने यंदा संक्रांतीला घरी काळपट, मळीसारखा गूळ आणला. लाडू बघून शेजारीण म्हणाली, जळले का हो? चित्त थाऱ्यावर नसलं की असंच होणार.

तू लिहितेस, संशयाला औषध नाही, नवऱ्याच्या मागे हेरासारखी फिरू नकोस. तुझं ठीक आहे, दाजी उठून गोठ्यापर्यंत जात नाहीत. माझं ऐक आणि मग बोल.

दिवाळीपासून ह्यांनी स्कूटर सोडली. विचारलं तर "गुडघा धरतोय." ज्याचा गुडघा धरतो तो माणूस शिवाजी पेठेपर्यंत चालत जातो का? स्कूटर कुणाच्या दारात उभी राहिली की लोक ओळखतात, म्हणून सोडली. मला इतकं कळतं. दुपारच्या सौद्याला जातो म्हणून निघतात. परवा पेढीवरचा गुंडू भेटला तर म्हणतो, "काकी, अण्णा दुपारचं येतच न्हाईत की आता." आणि दर मंगळवारी परत येतात ते दिवस मावळल्यावर. तुला माहीत आहे, लग्न झाल्यापासून ह्या माणसाने एकदाही सूर्य बुडाल्यावर अन्नाला हात लावला नाही. म्हणजे दर मंगळवारी उपाशी. ताट वाढून मी बसलेली, आणि हे "आता नको, दिवस गेला" म्हणून झोपायला. एक तर बाहेर कुणीतरी प्रेमाने जेवू घालतं, नाहीतर भूक विसरावी असं तिथे काहीतरी आहे.

आता ऐक. परवा मंगळवारी आमच्या गल्लीतली तानाबाई आली. फुलांचे हार पोचवत गावभर फिरते, तिला सगळं दिसतं. म्हणाली, "वैनी, रागवू नगा. तुमचं मालक पेठंतल्या तालमीचा जिना चढताना बघितलं. संगं एक बॉबकटवाली बाई हुती. हसत हुती खदाखदा."

त्या बाईचं नाव राजनंदिनी. कॉलेजात शिकवायची, आता रिटायर, हे तानाबाईनेच सांगितलं. मग ह्यांच्या फोनवरही तेच नाव दिसलं. हे तिला सांगत होते, "मी आल्याबिगर सुरू करू नका." काय सुरू करू नका?

साठीला आलेला माणूस आहे. आजोबा होईल तीन महिन्यांत. खरं सांगू? रागापेक्षा भीती वाटते. खरंच काही निघालं तर मी डोहाळजेवणाच्या दिवशी व्याह्यांसमोर कुठलं तोंड घेऊन उभी राहू? आणि नंतरही, ह्या घरात कुणासाठी स्वयंपाक करू?

येत्या मंगळवारी मी जिना चढणार आहे. तुझं पत्र येईपर्यंत जाऊन आलेली असेन, तेव्हा अडवायला लिहू नकोस.

अंजना


कोल्हापूर,
२१ जानेवारी

माझी आक्का,

काल गेले होते. सगळं क्रमाने सांगते, मधेच उड्या मारू नकोस.

तालमीची पोरं फुटबॉलच्या मॅचला गेली होती, खाली चिटपाखरू नाही. मी चप्पल हातात घेऊन जिना चढले. दार ढकललं तर वरच्या हॉलमध्ये अंधार, खिडक्यांना जाड कापडं, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आठ-दहा म्हातारेकोतारे. भिंतीवर पांढरी चादर ताणलेली. पहिल्या रांगेत तुझे मेव्हणे, मांडीवर टोपी. आणि ती बॉबकटवाली मशीनशी खटपट करत होती. हे वळून दचकले, तशी ती मला ओळखून म्हणाली, "या या, वहिनी! कल्लाप्पाण्णा म्हणायचे, आमच्या घरी सिनेमाचं वावडं हाय. आज कसा चमत्कार झाला?"

म्हणजे माझ्याबद्दल इथे बोलणं होतं तर! मी "सहज" म्हणाले आणि ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. ह्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. मी मनात म्हटलं, थांबा, आधी हिचं कूळ-मूळ बघते, मग तुमचं.

बाईंनी सुरुवातीला गोष्ट मराठीत सांगितली. अमेरिकेतलं जुनं वाळवंटी गाव, घोडेवाले, बंदुका. सिनेमा काळा-पांढरा. मला वाटलं, ह्यासाठी हा माणूस उपाशी राहतो? काहीतरी वेगळंच शिजतंय. पहिली दहा-पंधरा मिनिटं मी पडदा बघितलाच नाही. ती बाई ह्यांच्याकडे बघते का ते बघत होते. ती बघत नव्हती. सगळे पुढेच बघत होते. शेवटी मीही पुढे बघितलं.

आक्का, त्या गावात एक विधवा असते, तिच्या अंगणात गावातली एकुलती विहीर. एक परका माणूस लंगडणारा घोडा घेऊन येतो. बोलत नाही. रोज पहाटे उठून टेकडीपलीकडे जातो. गाव म्हणतं, हाच दरोडेखोर, लूट तिकडे पुरली असणार. ती बाई त्याला पाणी देते, पण बंदूक पदराआड धरून. तिला पदर नाही, झगा आहे, पण तसंच. मी लगेच म्हटलं, हाच चोर, तोंडावरून कळतंय. मागचे म्हातारे हसले.

इंग्रजी मला कुठलं कळतंय? पण ती माणसं बोलतातच कमी. वारा सुटतो आणि गिरणीतल्या पिठासारखी धूळ उडते. सावल्या केवढ्या लांब पडतात. रंग नाहीत, तर मला ऊनच जास्त दिसायला लागलं. सकाळचं ऊन वेगळं, दुपारचं वेगळं, त्या बाईच्या गालावर पडलेलं आणखी वेगळं. घोड्याच्या नाकातून वाफ निघते ती दिसली. कंदिलाशी तिचा अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात, तिला त्या माणसावर विश्वास ठेवायचा आहे आणि ठेवता येत नाही. ती काही बोलली नाही, तरी मला सगळं समजलं. आपण लहानपणी जत्रेच्या तंबूत सिनेमे बघितले, पण मी असं कधी बघितलं नव्हतं.

मग ती विधवा ट्रंक उघडून एक झगा काढते. नवरा गेल्यापासून न घातलेला. त्याच्यावर हात फिरवते. मी आपली बायकी सवयीने ह्यांच्या कानाशी लागले, "कुठल्या रंगाचा असंल हो?"

हे पडद्याकडे बघतच म्हणाले, "कुणाला ठावं. हितं कुणालाच दिसत न्हाय. म्हणून तर येतोय मी."

मला काही कळलं नाही. पडद्यावर ती तोच झगा घालून त्या माणसाच्या मागून टेकडीवर निघाली होती, मागून सगळं गाव, बंदुका घेऊन. खिडकीच्या फटीतून येणारा उजेड तांबूस होत चालला होता. तेव्हा उठले असते तर घरी जाऊन दोन घास मिळाले असते. माझ्याच्याने उठवलं नाही. टेकडीपलीकडे लूट नव्हती गं. त्याच्या भावाची कबर होती. रोज एकेक दगड आणून तो ती रचत होता. सगळं गाव टोप्या काढून उभं, आणि मला वाटलं त्या गर्दीत मीही आहे, चप्पल हातात घेऊन.

बाहेर पडलो तर दिवस बुडाला होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हे बसले आणि सांगितलं. गेल्या वर्षी छातीसाठी ती लांबलचक औषधं घेतली ना, त्यांनी डोळ्याची नस धरली. दिसतं सगळं, पण रंग गेले. हिरवं, तांबडं, तपकिरी एकच मातकट. डॉक्टरांनी औषध बदललं आहे. रंग परत येतील, न येतील. सिग्नल कळेना म्हणून स्कूटर सोडली. गूळ कळेना म्हणून दुपारचे सौदे सोडले, पेढीवर गुडघ्याचं कारण सांगितलं.

"कल्लाप्पाला गूळ दिसत न्हाय म्हटल्यावर बाजारात मला कोण विचारणार? वेळ जाईना म्हणून पेठेतनं फिरत हुतो, तालमीच्या फळ्यावर सिनेमाचं लिव्हलेलं दिसलं. आत जाऊन बसलो. अंजने, तितं समद्यांना माझ्यासारखंच दिसतंय. दोन तास मी आंधळा नसतोय."

"मग मला का न्हाय सांगितलंसा?"

"भाग्यश्रीचं कार्य होऊ दे म्हटलं. आणि तू कीव केली असतीस. ते मला बघवलं नसतं."

मी जिन्यातच रडले. राजनंदिनीबाई वरून पाणी घेऊन आल्या, तेही आम्ही दोघांनी घेतलं नाही, दिवस गेला होता. बाई चांगली आहे गं. मी तिला मनात काय काय म्हटलं होतं, ते तुला पत्रात लिहिलं नाही एवढं बरं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. घराकडे चालताना हे थांबले. म्हणाले, "एक खरं सांग. त्या दुकानात पोरीला विचारायची लाज वाटली. उजेडात नेऊन नेऊन बघितली आणि उचलली. लेकीच्या ओटीची साडी हाय. हिरवीच हाय न्हवं?"

आक्का, हा माणूस ह्या एका उत्तरावर उभा होता.

मी म्हणाले, "हिरवीगार हाय की. पोपटासारखी."

त्यांनी केवढा श्वास सोडला. मग घरापर्यंत टोपी हातात घेऊन चालले, सिनेमातल्या लोकांसारखे.

तेव्हा आता नीट वाच. हिरवी साडी आण, पण कुठलीही नको, रंग सोडून सगळी ह्या विटकरीसारखी हवी. काठ चार बोटं रुंद, जरीचा, त्यात मोर. पदरावर बारीक कोयऱ्या. हाताला थोडी जड लागली पाहिजे, ते हाताने ओळखतील. दारात पिशवी माझ्याच हातात दे. भाग्यश्री ती नेसून पाटावर बसेल तेव्हा त्यांना वाटलं पाहिजे की बापाने आणलेली साडी लेकीच्या अंगावर आहे. तूही तसंच म्हण, आणि मोठ्याने म्हण, म्हणजे व्याह्यांना ऐकू जाईल.

विटकरी मी कुणाला देणार नाही. पुढे एखाद्या मंगळवारी ती नेसून ह्यांच्या शेजारी बसेन. त्यांनी विचारलं तर सांगेन, लेकीच्या जोडीची हिरवी घेतली. यापुढे मंगळवारी आम्ही ऊन असतानाच जेवून निघणार.

हे पत्र सुनेच्या हाती लागू देऊ नकोस. वाचलंस की चुलीत घाल.

नवऱ्यापासून आयुष्यात पहिल्यांदाच काही लपवून बसलेली,
तुझी अंजना