मॉरीनबाईंचं मी केलेलं भाषांतर

प्रिय ईशानी,

बाबांनी हाताने पत्र लिहायला घेतलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असशील. आईचे गुडघे सोडले तर घरी सगळं ठीक आहे. गंगा ब्रह्मा घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढली होती, आता उतरते आहे आणि सगळी गल्ली गाळ उपसण्यात गुंतली आहे. या पत्राचा फोटोच पाठवणार आहे. पोस्टात टाकेपर्यंत माझा धीर टिकायचा नाही.

तीस वर्षं मी कॉलेजात आयर्लंड शिकवलं. बटाट्याचं पीक कुजलं, दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त बोटीत बसली आणि पुढची कित्येक दशकं तो देश रिकामा होत राहिला. जमीन एका मुलाला, बाकीच्यांनी वाट धरायची. जाणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या मुली. त्या अमेरिकेत परक्यांच्या घरी भांडी घासत, म्हातारी माणसं सांभाळत आणि धाकट्या बहिणीचं तिकीट पाठवत. निघायच्या आदल्या दिवशी घरी मयताला जमावीत तशी माणसं जमत, जिवंत मुलीसाठी. या मुलींच्या कष्टांवर तो देश तगला, असं मी टेबलावर हात आपटून म्हणायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

कारण तू नर्स होऊन त्याच आयर्लंडमधल्या कॉर्कला गेलीस आणि मी गल्लीत सांगितलं की ईशानी तिथल्या विद्यापीठात शिकवते. आपलं घर वेदपाठ्यांचं, सोवळ्याओवळ्याचं. माझी मुलगी परक्या पुरुषांची अंगं पुसते, हे माझ्या तोंडून निघेना. जिथे लोक मरायला येतात त्या काशीत राहून, मरणाऱ्याची सेवा करणाऱ्या मुलीची मला लाज वाटली.

मार्चमध्ये तुझ्या मॉरीनबाई आल्या होत्या, त्यांनी पोहे दोनदा मागून घेतले, एवढंच मी तुला फोनवर सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. परदेशी पाहुणी आली म्हणून अर्धी गल्ली आपल्या बैठकीत जमली होती. शेजारचा श्रीनिवास तर पुढेच बसला होता. इंग्रजी समजणारा मी एकटा. त्या सांगत होत्या की त्यांच्या वडिलांना शेवटचे सात महिने तू न्हाऊ घातलंस, भरवलंस. ते गेले तेव्हा त्यांचा हात तुझ्या हातात होता आणि स्वतः मॉरीनबाई वाटेत अडकल्या होत्या. हे सांगताना त्यांचे डोळे वाहत होते. आणि मी सगळ्यांना हिंदीत सांगितलं की ईशानी यांच्या वडिलांना संस्कृत शिकवायची, म्हाताऱ्याला फार गोडी लागली होती. श्रीनिवास म्हणाला, "वा बाबूजी, बिटिया ने नाम रोशन कर दिया!" मॉरीनबाई मात्र बोलताना हवेत कोणाचे तरी केस विंचरत होत्या, पाठ पुसत होत्या. संस्कृत असं कोण शिकवतं? तुझ्या आईने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कपबशा उचलून आत गेली.

त्या भाषांतराचं फळ असं की गणपतीत तू येशील तेव्हा मंडळाच्या स्टेजवर तुझा सत्कार करायचं श्रीनिवासने ठरवलं. पत्रिकेत 'प्राध्यापिका' छापायचं होतं आणि मी मान डोलावली होती.

परवा तू आईला फोन केलास. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती हल्ली फोन स्पीकरवर ठेवते, हे तुला ठाऊक नव्हतं. मी शेजारीच पेपर वाचत होतो. तू विचारलंस, बाबांनी तिथे नेमका कोणता विषय सांगितलाय, म्हणजे कोणी विचारलं तर मी तोच सांगेन, उगाच त्यांची मान खाली जायला नको. किती वर्षं तुला हे माहीत आहे ग? आणि एकदाही मला जाब विचारला नाहीस. विषय विचारू नकोस, बाळा. आज सकाळी मी श्रीनिवासकडे जाऊन त्या दिवशी मॉरीनबाई खरं काय म्हणाल्या ते शब्दन्‌शब्द सांगून आलो. सत्कार होईल की नाही, कोण जाणे. मला माफ करायचं की नाही हे तू ठरव, पण घरी ये आणि कोणी विचारलं तर नर्स आहे म्हणून सांग. मी तिथेच शेजारी उभा असेन.

तुझेच,
बाबा